रूपालीच्या फोटोला कुंकू लागेना

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी आधी पाणी मागते, कारण उत्तर लांबतं. "वेबसाइटचे सर्व्हर सांभाळते" म्हटलं की बायका म्हणतात, "म्हणजे घरूनच ना? बरंय बाई तुझं." पुरुष म्हणतात, "मग आमच्या मोबाइलचं जरा बघा ना, सारखा हँग होतोय." आणि आमचे हे अजूनही पाहुण्यांना सांगतात, "हिचं कॉम्प्युटरचं आहे काहीतरी." केस पांढरे झाले, पण त्या 'काहीतरी'च्या पुढे आमची गाडी काही सरकली नाही.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला आधीच दम भरलाय, "समजेल असं लिहा, नाहीतर तुमच्या जागी वांग्याच्या भरताची कृती छापू." भरताशी स्पर्धा म्हणजे जळगावात हरल्यातच जमा. तरी प्रयत्न करते.

वेबसाइट काही हवेत तरंगत नाही. तिच्यातला मजकूर, तिच्यातले फोटो कुठल्यातरी कॉम्प्युटरवर ठेवलेले असतात आणि तो कॉम्प्युटर कायम चालू असतो. तुम्ही मोबाइलवर साइट उघडली की तो मागितलेली वस्तू काढून देतो. हा सर्व्हर. तो बंद पडला की मला फोन येतो. चालू असला की माझी कोणाला आठवणही येत नाही. आमच्या धंद्यात हीच शाबासकी समजायची.

आजकाल सर्व्हरच्या जिवावर उठलेत ते फोटो. प्रत्येकाच्या खिशात मोठा कॅमेरा, आणि प्रत्येकाचा हट्ट की फोटो काढला तसाच्या तसा साइटवर गेला पाहिजे. माझ्या एका केळीवाल्या गिऱ्हाइकानं घडाचा फोटो टाकला तो इतका जड, की समोरच्या व्यापाऱ्याचा चहा पिऊन झाला तरी मोबाइलवर अर्धाच घड उतरला होता. व्यापारी म्हणाला, "उरलेला घड उद्या पाठवताय का?" गिऱ्हाईक माझ्यावर डाफरलं. मी म्हटलं, फोटो तुमचा, घड तुमचा, आणि बोलणी मात्र मी खायची होय?

यावर उपाय म्हणजे फोटो हलके करून देणारी सेवा. आपला सर्व्हर आहे तिथेच राहतो, मूळ फोटोही त्याच्यावरच राहतात. फक्त मध्ये ही सेवा आणून बसवायची. कोणी फोटो मागितला की मागणी आधी तिच्याकडे जाते. तिच्याकडे तो नसेल, तर ती आपल्या सर्व्हरकडून मूळ फोटो आणते, मागणाऱ्याच्या मोबाइलला पुरेल इतका हलका करून देते आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवून घेते. पुढच्यानं तोच फोटो मागितला की ती आपल्याकडे येतच नाही, जवळची प्रत काढून देते. केळीचा घड मग चुटकीसरशी दिसतो.

ती जोडायची म्हणजे तिला आपल्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा, सर्व्हरला बजावायचं की बाबा, ही आली तर आत घे, आणि साइटवरच्या फोटोंचे पत्ते बदलून सगळी मागणी तिच्या दारात वळवायची. सांगायला सोपं आहे. करायला बसलं की घाम फुटतो, कारण प्रत्येकाचा फोटो वेगळा आणि प्रत्येकाचा जीव वेगळ्या जागी अडकलेला. एका सराफांची साइट जोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः दारात. "ताई, माझं सोनं पितळ झालं हो!" मी फोटो जरा जास्तच पिळले होते, त्यात सोन्याची झळाळी गेली. मग त्यांनी खिशातून खरी बांगडी काढून स्क्रीनशेजारी धरली आणि मी एकेक पायरी वर चढत गेले. "अजून थोडं. अजून. हां! आता बावीस कॅरेट." तेव्हापासून सोन्याच्या फोटोंना मी वेगळा हिशेब लावते. हे कुठल्या पुस्तकात नाही, सराफांनी शिकवलंय.

पण ज्या गिऱ्हाइकानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं, ते पारोळ्याचे नाना.

नानांचं भांड्यांचं दुकान आहे. पुढे स्टीलचे डबे आणि मागच्या खोलीत लग्नं. म्हणजे समाजाचं वधू-वर मंडळ ते चालवतात, हौसेनं, चहा स्वतःचा पाजून. मागच्या भिंतीला एक मोठी फळी, तिच्यावर मुलामुलींचे फोटो. लग्न जमलं की नाना देवासमोरच्या करंड्यात बोट बुडवतात आणि मुलामुलीच्या दोन्ही फोटोंच्या कपाळी कुंकू लावतात. लग्न लागेपर्यंत फोटो तसेच फळीवर. येणारा बघतो, कुंकू दिसलं की पुढे सरकतो. कोणाला काही सांगावं लागत नाही.

मंडळाची साइट झाली तेव्हा नानांनी दोन अटी घातल्या. एक, मुलींचे फोटो बाजारात मांडल्यासारखे समोर दिसायचे नाहीत. आधी नाव, शिक्षण, व्यवसाय, गाव. त्यावर बोट दाबलं तरच फोटो उघडेल. मुलांनाही तोच नियम, नाना पक्षपात करत नाहीत. दुसरी अट, कुंकू पाहिजे. मग त्यांची सूनबाई सुनीता हिनं कॉम्प्युटरवर फोटोच्या कपाळी लाल टिळा काढायचं तंत्र बसवलं. झकास काढते हो, अगदी बोटानं लावल्यासारखा.

साइट चालली. इतकी चालली की माझा सर्व्हर धापा टाकायला लागला. फोटो उघडता उघडेना. भडगावकडच्या एका बाईनं नानांना फोनवर सुनावलं, "तुमचा मुलगा येईस्तोवर आमची पोरगी म्हातारी होईल." तेव्हा नानांनी मला हाक मारली.

जोडणी करण्याआधी मी चौकशी नीट केली होती, हे इथे छापून आलंच पाहिजे. मी नानांना विचारलं, "एकदा टाकलेला फोटो तुम्ही पुढे बदलता का?" नाना जवळजवळ चिडलेच. "छे छे! एकदा दिलेला फोटो बदलायचा नाही, हा मंडळाचा नियम आहे. फोटो बदलणं म्हणजे समोरच्याची फसवणूक." मी खूश. बदलत नाहीत म्हणजे सेवेनं एकदा घेतलेली प्रत कायम चालेल. मी तसंच लावून दिलं.

पहिल्याच तासाला साइटवरचे सगळे फोटो गायब. माझ्या सर्व्हरवर चोरचिलटांना अडवणारा एक पहारेकरी प्रोग्रॅम असतो. ही नवी सेवा भराभर फोटो मागायला लागली तर त्याला वाटलं दरोडा पडला, आणि त्यानं तिला हाकलून दिलं. ओळख करून द्यायला मीच विसरले होते. दिली. मग सगळं असं पळायला लागलं की नानांनी पेढ्यांचा पुडा पाठवला. पेढे संपेपर्यंत मी सुखात होते.

मग एक दिवस सकाळी नानांचा फोन. आवाज बसलेला. "ताई, तुमच्या मशीननं एक लग्न मोडायला काढलंय."

झालं होतं असं. भडगावची रूपाली आणि धुळ्याजवळच्या एका खेड्यातला किशोर, यांचं जमलं होतं. रूपाली शिकलेली, जळगावजवळ केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. किशोर शेती करतो. आता हे वाचणाऱ्या आयाबायांना वेगळं सांगायला नको की आजच्या काळात 'व्यवसाय: शेती' असं लिहिलेल्या मुलाचं जमणं म्हणजे काय. घरचं उत्तम, मुलगा निर्व्यसनी, कष्टाळू, आणि दारात स्थळ नाही. रूपालीच्या घरून होकार गेला तेव्हा किशोरच्या आईनं म्हणे गावात साखर वाटली होती.

सुनीतानं एकाच बैठकीत दोघांच्या फोटोला कुंकू लावलं. आणि साइटवर काय दिसलं? किशोरच्या कपाळी ठसठशीत कुंकू. रूपालीचं कपाळ कोरं.

मुलाकडच्यांनी ते पाहिलं, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या कानावर आलं की पुण्याच्या कुठल्याशा इंजिनिअर मुलाकडून रूपालीसाठी विचारणा झाली. होणारच ना, कुंकू नाही म्हणजे मुलगी मोकळी. किशोरचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात, भडकले. आमचा मुलगा बांधून ठेवला आणि स्वतःची मुलगी अजून दाखवताय? त्यांनी नानांना निरोप धाडला, साखरपुडा रद्द.

मी सुनीताला फोन लावला. "फोटो साठवताना नाव कोणतं देतेस?" ती म्हणाली, "आधीचंच. रूपाली, भडगाव. माणूस तोच ना ताई, नाव कसं बदलू?" मी कपाळाला हात लावला. सेवा फोटो ओळखते ती नावावरून. नाव तेच, म्हणजे तिच्या लेखी फोटो तोच, ती जुनी प्रत देत राहिली. आणि नानांचा तरी काय दोष? कुंकू लावणं म्हणजे फोटो बदलणं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. माझ्या तरी कुठे आलं!

मी बसल्या जागी सेवेला सांगितलं, ती जुनी प्रत फेकून दे. क्षणात रूपालीच्या कपाळी कुंकू उमटलं. मी नानांना कळवलं, "झालं बरं का!" आणि चहा टाकला. चहाला उकळी यायच्या आत नानांचा परत फोन. "ताई, काट्याचा नायटा झाला. आबा म्हणतात, काल नव्हतं आणि आम्ही ओरडल्यावर आज उगवलं, म्हणजे मुद्दामच लावलं नव्हतं."

खरंच की. दुरुस्तीच माझ्यावर उलटली. ज्या चुकीवर बोट ठेवून मी समजावणार होते ती चूकच मी पुसून टाकली होती. नाना म्हणाले, "दोन्हीकडचे दुपारी दुकानात येतायत. तुम्ही या आणि तुमच्या तोंडानं सांगा. आता माझ्यावर कोणाचा विश्वास नाही." इतकी वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर लग्नं जमली त्यानं हे म्हणावं! मी एरंडोलमार्गे पारोळ्याची एसटी धरली. यांना डब्यातलं जेवून घ्या म्हणून सांगितलं. हे म्हणाले, "काही बिघडलं का?" मी म्हटलं, "काहीतरी."

मागच्या खोलीत सतरंजीवर बैठक. एका बाजूला आबा, पांढरी टोपी, तोंड असं की दूध फाटावं. शेजारी किशोर, मान खाली. समोर रूपाली आणि तिचे वडील, बिचारे सारखे रुमालानं मान पुसत होते. मध्ये नाना. चहाचे कप तसेच, कोणी हात लावलेला नाही. खानदेशात चहा तसाच गार होतो तेव्हा समजायचं की परिस्थिती गंभीर आहे.

मी सगळं सांगितलं, वर तुम्हाला सांगितलं तसंच. मध्ये एक सेवा आहे, ती फोटोची प्रत ठेवते, रूपालीची प्रत तिनं कुंकवाच्या आधीच नेली होती, म्हणून जुनीच दिसत राहिली. "चूक माझ्या जोडणीची. रूपालीच्या घरच्यांची नाही आणि नानांची तर मुळीच नाही. आता सुनीतानं कुंकू लावलं की जुनी प्रत आपोआप जाईल, अशी सोय करून ठेवलीय."

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुमनी मशीन माले समजनी. पन एक सांगा. कुंकू दोन्ही फोटोले एकच येळे लायं. मंग मना पोऱ्याना फोटोवर लगेच दिसनं, आनि पोरीना फोटोवर नही. आसं काब्र?"

नेमकं हेच त्यांनी विचारायला नको होतं.

कारण उत्तर मला ठाऊक होतं. ते इतकं सोपं होतं की सांगायची सोय नव्हती. सेवा फोटो कधी नेते? कोणी मागितला की. रूपालीचा फोटो पहिल्याच दिवशी कितीतरी जणांनी उघडला, म्हणून तिची प्रत कुंकवाआधीची. किशोरची प्रत कुंकवासकट होती, याचा अर्थ एकच. सेवा जोडल्यापासून लग्न जमेपर्यंत त्याचा फोटो एकाही माणसानं उघडला नव्हता. 'व्यवसाय: शेती' वाचून सगळे पुढे गेले होते.

आता हे बापासमोर कसं बोलायचं? होणाऱ्या सासऱ्यासमोर, होणाऱ्या बायकोसमोर, त्या मुलाच्या तोंडावर? नानांना ते माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असणार, कारण त्यांना एकदम खोकल्याची उबळ आली. माझ्या मनात आलं, द्यावी ठोकून, किशोरचा फोटो हलका होता म्हणून. कोण तपासायला येतंय! पण आबा माझ्याकडे टक लावून बघत होते. तो माणूस आधीच फसवल्यासारखा झाला होता. त्याला अजून एक थाप मारायची माझी छाती होईना, आणि खरं सांगायचीही होईना.

"आबा, ते..." म्हणून मी पदराशी खेळत बसले.

"मी सांगतो," किशोर बोलला. दुपारपासून पहिल्यांदाच तोंड उघडलं त्यानं. "ताईंना अवघड होतंय. आबा, त्या म्हणतायत की कोणी मागितला तरच फोटो नेला जातो. माझा कोणी मागितलाच नाही. म्हणून माझ्या फोटोची जुनी प्रत नव्हती. हो ना ताई?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार!

"कोनीच नही?" आबांनी विचारलं. आवाजातला राग पार गेला होता, आणि ते जास्त वाईट होतं. मुलासाठी भांडायला आलेला बाप एकदम लहान दिसायला लागला. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. किशोर सतरंजीचा दोरा ओढत होता, कान लालेलाल. मला तर वाटलं, घरी जाऊन तो सर्व्हर विहिरीत टाकून द्यावा. इतकी वर्षं मी याच तोऱ्यात की आपण लोकांच्या साइट पळवतो, आणि आज त्याच पळवण्यानं एका भल्या पोराची चारचौघांत शोभा झाली.

तेवढ्यात रूपाली म्हणाली, "ताई, तुम्ही ते जोडलंत कधी?"

"पोळ्याच्या नंतर," मी म्हटलं.

"मग बरोबर. मी त्याच्या आधी पाहिला होता."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी धीट. आधी वडिलांकडे बघितलं, त्यांनी अडवलं नाही, मग सरळ आबांकडे तोंड करून बोलायला लागली. "यांनी शेती लिहिलं होतं, म्हणूनच उघडला मी. आम्ही प्रयोगशाळेत रोपं करतो, ती कोणीतरी लावतो ना? तर फोटो इतका जड, उघडेचना. आधी नुसतं आभाळ आलं. मग केळीचे शेंडे. मग पानं, पानं आणि पानं. आई म्हणाली, राहू दे गं, दुसरा बघ. सगळ्यांनी तेच केलं असेल. मी म्हटलं, थांब आई, येतोय."

"मंग?" आबा पुढे सरकले.

"मग आले," ती म्हणाली, आणि आता कुठे लाजली. "पान धरून उभे होते. पानाच्या खालच्या बाजूला करपा रोग आलाय का, ते बघत. कॅमेऱ्याकडे लक्षच नव्हतं."

किशोरनं पहिल्यांदा मान वर केली. रूपालीच्या वडिलांनी रुमाल खिशात ठेवला. सुनीता दाराआडून डोळे पुसत होती आणि मी दाराआड नव्हते म्हणून मला पुसता येईनात.

आबांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली, नीट बसवली. गार झालेला चहा उचलून एका घोटात संपवला.

"नाना," ते म्हणाले, "पोरगीनी इतली वाट दखी. आते आपन कसानी वाट दखनी? काढा तारीख."